पेसाहचं फळांचं गोड : तुमच्या घरचा अनुभव सांगा

पेसाह, म्हणजे ज्यूंचा वल्हांडणाचा सण, जवळ आला की आम्हा बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरी आधी डबे रिकामे होतात. गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांपैकी कशालाही पाणी लागून ते फुगलं की झालं खामेट्स. इस्रायलमध्ये सात दिवस आणि बाहेर आठ दिवस ते खायचं नाहीच, घरातही ठेवायचं नाही. चालतो तो फक्त मत्सा, म्हणजे बेखमीर भाकर, तोही पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत भाजून निघालेला. सेदरच्या, म्हणजे सणाच्या सुरुवातीच्या रात्रीच्या विधीच्या, जेवणात मटण असलं की मागून दूध-लोण्याचं गोडही चालत नाही, कारण मांस आणि दूध आम्ही एकत्र खात नाही. उरतात फळं, अंडी, सुकामेवा, तेल आणि नारळ. माझं ठाम मत असं, की एवढ्यात उत्तम गोड भाजता येतं. मात्र मैद्याच्या केकची नक्कल करायला जाऊ नये, फळाला पुढे करावं. तुम्ही काय करता ते मापांसकट लिहा. सुरुवात मी करते.

ठाणे

सेदरच्या ताटासाठी आमच्याकडे खजुराचा रस करतात. खजूर भिजवून शिजवायचा, फडक्यातून पिळायचा आणि रस मंद आंचेवर काकवीइतका दाट होईपर्यंत आटवायचा. हागादा, म्हणजे सेदरला वाचायची पोथी, वाचताना मत्सा आणि कडू पाला त्याच्याशी लागतो. (मराठी अर्थासकट हागादा मुंबईत १८४६ साली छापली गेली, पुण्यात १८७४ साली. आमच्याकडे आजही काही भाग मराठीत वाचतात.) उरलेल्या रसाचं दुसऱ्या दिवशी गोड होतं. एका नारळाचं फक्त पहिलं दूध, चार अंडी, वाटीभर खजूर-रस, वेलची. पसरट भांड्यात पिकलेल्या राजेळी केळ्यांच्या चकत्या लावून वरून हे मिश्रण ओतायचं. ते भांडं गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून १६० अंशांवर भाजायचं, मधोमध किंचित हलतंय तोवरच काढायचं. दुसरं दूध घातलं तर खाली पाणी सुटतं. साखर लागत नाही.

लोद, इस्रायल

आईवडील अलिबागजवळून इकडे आले. शेजारी मोरोक्कन घरं, त्यामुळे आमच्या पेसाहला संत्र्या-बदामाचा केक आला आणि राहिला. दोन संत्री सालीसकट पाण्यात उकळायची, सुरी सहज आरपार जाईपर्यंत, म्हणजे दीडदोन तास. मध्ये एकदा पाणी बदलावं, कडवटपणा कमी होतो. गार झाली की चिरून बिया काढायच्या, एकही राहू द्यायची नाही, आणि सालीसकट वाटायची. सहा अंडी, २५० ग्रॅम साखर आणि २५० ग्रॅम बदामाची पूड त्यात मिसळून १९० अंशांवर साधारण तासभर. वरचा रंग लवकर चढू लागला तर फॉइल झाकावी. फुगायला अंड्यांचं फेसणंच पुरतं. हे गोड ओलसरच असतं आणि तसंच असावं. यात मत्साचं पीठही नाही, म्हणून जे हसिदी (एका कडक ज्यू पंथाचे) लोक पेसाहमध्ये मत्साला पाणी लागू देत नाहीत त्यांनाही वाढता येतं. ज्या घरी कोण कुठली रीत पाळतो याचा अंदाज नसतो, तिथे मी हेच सुचवतो.

न्यू जर्सी

मी ज्यू नाही, मूळची सांगलीची. मैत्रीण अश्केनाझी, म्हणजे युरोपीय मुळाची ज्यू, आहे आणि दरवर्षी सेदरला बोलावते. पहिल्यांदा निमंत्रण आलं तेव्हा मी विचारलं, सफरचंदाचा केक करून आणू का? तिने प्रेमाने पण स्पष्ट सांगितलं, की जिन्नस कितीही काटेकोर घेतले तरी तुझा ओव्हन, तुझं भांडं वर्षभर पोळी-पाव पाहिलेलं आहे; माझ्याकडे येऊन कर. तेव्हापासून आम्ही तिच्याच ओट्यावर करतो. कडक पाळणाऱ्या घरी जाणार असाल तर मी हेच सांगेन: न चिरलेली फळं न्या, नाहीतर त्यांच्या घरी जाऊन कामाला हात लावा.

तिथेच मला पुष्कळ कळलं. अश्केनाझी रीतीत तांदूळ, मका, डाळीही वर्ज्य. (अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मसमितीने २०१५मध्ये हे सगळं खायला मुभा दिली, पण तिच्या घरी जुनीच रीत आहे.) म्हणून नेहमीची बेकिंग पावडर नको, तिच्यात कॉर्नस्टार्च असतो. पिठीसाखरेतही तेच. पेसाहची म्हणून शिक्का असलेली पावडर मिळते, तिच्यात बटाट्याचं सत्त्व असतं. केकमध्ये मत्साचं बारीक पीठ आणि बटाट्याचं सत्त्व, लोण्याऐवजी तेल. सफरचंदं आंबटच घ्यावीत आणि दालचिनी-साखर लावून थरात रचावीत.

मी अंडं खात नाही, म्हणून तिने माझ्यासाठी वेगळं केलं: सफरचंदाचा गाभा कोरून आत अक्रोड, खजूर, दालचिनी, संत्र्याचा रस, आणि साल सुरकुतेपर्यंत भाजणं. आता त्या टेबलावर सगळे आधी तेच उचलतात.

जेरुसलेम (शिक्षणासाठी, मूळ पुणे)

सणाच्या आठवड्यात इथे दुकानांत खामेट्सच्या फळ्याच्या फळ्या कागदाने झाकलेली असतात. मी पाव्हलोवा करते: अंड्याचा पांढरा भाग, साखर, लिंबाचा रस, चमचाभर बटाट्याचं सत्त्व. वाळवंटाकडून कोरडा वारा आला की ती सुरेख कडक होते, मुंबईच्या दमटपणात असं होणं कठीण. वर स्ट्रॉबेरी. ती मात्र देठाकडचा भाग कापून, साबणाच्या पाण्यात बुडवून, नीट धुऊन घ्यावी लागते. खाचांत किडे बसतात आणि किडा पोटात जाणं कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसणारं, नाही. रासबेरी म्हणूनच बऱ्याच घरांत आणत नाहीत.

मुलुंड

नवा ओव्हन घ्यायला जमणार नाही, जुनाच पेसाहसाठी कसा करायचा?

लोद, इस्रायल

आमच्या रब्बींनी (धर्मगुरूंनी) सांगितल्याप्रमाणे करतो. आतून घासून कणही उरू द्यायचा नाही. मग २४ तास वापरायचा नाही, आणि नंतर सर्वांत जास्त तापमानावर तासभर तापवायचा. ट्रे आणि केकचं भांडं मात्र पेसाहचंच वेगळं ठेवा. तुमचा ओव्हन छोटा ओटीजी असेल तर सिनेगॉगमध्ये एकदा विचारून घ्या.