मदत हवी आहे: आईच्या फुफ्फुसातला न्यूरोएंडोक्राईन ट्यूमर, तीन डॉक्टर तीन मतं

तासगावचा_संदीप
आईला फुफ्फुसात न्यूरोएंडोक्राईन ट्यूमर (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची कॅन्सरची गाठ) निघालाय, लिव्हरमध्येपण गेलाय. आधी दमा म्हणून पंपच चालू होता. मिरजेचे सर्जन म्हणतात आता ऑपरेशन नको, सांगलीचे केमोवाले म्हणतात सोमवारी ॲडमिट व्हा, पुण्यातले ओळखीचे डॉक्टर म्हणतात महिन्याचं इंजेक्शन पुरे. घरात यावरनं रोज वाद. कुणाचं ऐकू? लवकर सांगा प्लीज.

कृष्णाकाठ
बायोप्सीत काय आलंय ते तर लिहा. टिपिकल कार्सिनॉईड (हळू वाढणारा), ॲटिपिकल (मधला) का लार्ज सेल (जोरात वाढणारा)? केआय-६७, म्हणजे किती टक्के पेशी वाढतायत, तो आकडा किती? वय?

वाईची_मीना
आमच्या ह्यांना हेच होतं. गॅलियमचं डोटाटेट पेट स्कॅन (या गाठींसाठीचं खास स्कॅन) केलं, गाठी उजळल्या, मग दर चार आठवड्यांनी ऑक्ट्रिओटाईडचं इंजेक्शन (हार्मोन आणि गाठीची वाढ दाबणारं) आणि नंतर ल्युटेशियमचे (गाठीपर्यंत जाणारं किरणोत्सारी औषध) चार डोस आठ-आठ आठवड्यांनी. दादा तुम्ही ल्युटेशियमच घ्या, केमोत पडू नका.

कृष्णाकाठ
मीनाताई असं सरसकट नका सांगू. त्या स्कॅनमध्ये गाठ उजळली तरच ल्युटेशियम लागू पडतं, किडनी आणि रक्त बघून देतात. लार्ज सेल असेल तर केमोच आधी येतो.

रानमेवा
रोज उपाशीपोटी गुळवेलीचा काढा द्या, आमच्या भावकीत फरक पडलाय.

कृष्णाकाठ
अहो लिव्हरमध्ये गाठी आहेत त्यांच्या! गुळवेलीनं लिव्हरला सूज आल्याच्या केसेस कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवल्यात. विचारल्याशिवाय काही देऊ नका.

तासगावचा_संदीप
रिपोर्ट सापडला. ॲटिपिकल कार्सिनॉईड, केआय-६७ १२ टक्के. वय ५८. पेट झालंय पण साधं, डोटाटेट कुणी सांगितलंच नाही.

नर्स_मिरज
चेहरा अचानक लाल होतो का? जुलाब?

तासगावचा_संदीप
हो दोन्ही होतं, पाळी जाताना होतं तसं म्हणते ती. त्याचा काय संबंध?

नर्स_मिरज
खूप संबंध आहे. गाठ हार्मोन सोडत असू शकते, डॉक्टरांना आजच सांगा. २४ तासांच्या लघवीची ५-एचआयएए टेस्ट (त्या हार्मोनचा अंश मोजणारी) आणि हृदयाची इको विचारा, टेस्टच्या आधी तीन दिवस केळी, टोमॅटो, वांगी, अननस, अक्रोड बंद. आणि असं असताना बायोप्सी किंवा ऑपरेशन करायचं झालं तर आधी भूल देणाऱ्यांना कळलं पाहिजे, बीपी एकदम कोसळू शकतं, त्यासाठी ऑक्ट्रिओटाईड तयार ठेवतात.

साताऱ्याचा_पाटील
मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलला दाखवा. महालक्ष्मी एक्सप्रेसनं जावा, दादरला उतरायचं, हॉस्पिटल परळला, जवळच. गाडगे महाराज धर्मशाळेत पेशंटची सोय होते.

विश्रामबाग
सगळ्यांनी मुंबईलाच का पळायचं? मिरजेत चांगले डॉक्टर आहेत.

कृष्णाकाठ
गावाचा प्रश्न नाही. सर्जन, केमोवाले, न्यूक्लिअर मेडिसिन, स्कॅन वाचणारे आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून एकच प्लॅन देणारं ट्यूमर बोर्ड पाहिजे, टाटामध्ये ते होतं, मिरजेत कुणी बसवलं तर तिथंच करा. एकेकाला वेगळं भेटला की प्रत्येक जण आपलंच हत्यार सांगणार. इंजेक्शनवर वाढ थांबली नाही तर एव्हरोलिमसची गोळीपण असते, तोंड येतं आणि साखर वाढते एवढं लक्षात ठेवा.

तासगावचा_संदीप
बरं. दुसरीकडे दाखवायला बायोप्सीचा ब्लॉक (मेणात ठेवलेला गाठीचा तुकडा) लॅबवाले देतील का? आणि सोमवारचं काय करू?

नर्स_मिरज
बायोप्सी नंबर सांगून लेखी अर्ज द्या, स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागा. सोमवारचं स्वतःहून रद्द करू नका, लाल होणं आणि जुलाब सांगून, डोटाटेट होईपर्यंत केमो थांबवता येईल का हे त्याच डॉक्टरांना विचारा. श्वास फार लागत असेल तर मात्र वाट बघू नका.