मदत हवी आहे : जुन्या पुस्तकांच्या यादीत 'फॉक्स्ड'ला मराठीत काय लिहायचं?

महालातला_यादीवाला
एका वाचनालयातल्या १९५०च्या आधीच्या पुस्तकांची यादी मराठीत करतो आहे. काही पुस्तकांसोबत विक्रेत्यांची इंग्रजी वर्णनं आली आहेत. त्यांत 'स्लाइटली फॉक्स्ड', 'प्लेट्स फॉक्स्ड, टेक्स्ट क्लीन' असं वारंवार येतं. शब्दकोशात 'फसवलेला', 'गोंधळलेला' सापडतं. जालावर 'फॉक्सिंग' शोधलं तर बुटाच्या तळाभोवतीची रबरी पट्टी समोर येते! 'डागाळलेले' लिहावं, तर वाचणाऱ्याला वाटेल कुणीतरी चहा सांडला. नेमका अर्थ काय, आणि हे डाग जातात का?

जुनी_पानं
फॉक्स म्हणजे कोल्हा, त्याच्या अंगासारखा तांबूस-तपकिरी रंग, म्हणून फॉक्स्ड. म्हणजे कागदावर आपोआप उमटलेले गंजासारखे ठिपके. टाचणीच्या डोक्याएवढ्यापासून मुगाएवढे, कडा थोड्या विरघळलेल्या. एकोणिसाव्या शतकातल्या यंत्रावर केलेल्या कागदात जास्त दिसतात.

कारणं दोन सांगतात : कागदात राहिलेले लोखंडाचे बारीक कण गंजणं, आणि बुरशी. दोन्हींना ओल लागते. एखाद्या ठिपक्यामागे यांतलं कोणतं, यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही.

'स्लाइटली' म्हणजे मोजक्या पानांवर, वाचायला अडचण नाही. 'प्लेट्स फॉक्स्ड, टेक्स्ट क्लीन' म्हणजे ठिपके फक्त चित्रांच्या पानांवर. चित्रांना बहुतेकदा वेगळा कागद वापरत, म्हणून असं होतं. ही चूक नाही.

बांधणी_खामला
भाऊ, आधी डाग ओळखा, नाहीतर सगळंच फॉक्स्ड लिहाल. पान खिडकीकडे तिरपं धरा. मऊ कोरड्या ब्रशने हलकेच झाडून पाहा. भुकटी निघाली, कुबट वास आला, तर ती चालू बुरशी आहे. ते पुस्तक लगेच वेगळ्या पिशवीत ठेवा, मास्क लावा. फॉक्सिंगचा ठिपका झाडून जात नाही, तो कागदाच्या आत मुरलेला असते. बरेचदा पुढच्या-मागच्या पानावर त्याच जागी जुळा सापडते.

डागाला नकाशासारखी गडद किनार असेल तर पाणी शिरलं होतं. शिलाईजवळ दोन-तीनच काळपट डाग असतील तर तारेची पिन गंजली आहे. आणि कडेपासून आत पान सारखं पिवळं पडलेलं, कोपरा एकदा दुमडून उलगडला की तुटते, तर ते कागदातल्या आम्लाने. त्याला फॉक्सिंग म्हणू नका, 'कागद ठिसूळ' लिहा. (कोपऱ्याची ही परीक्षा दुर्मीळ पुस्तकावर करू नका, एवढंही सांगावं लागते.)

धरमपेठी
मराठीत 'तांबेरा' का नको? गव्हाच्या, सोयाबीनच्या पानावर येतो तो. रंग तोच, ठिपके तसेच, आणि पान दोन्हीकडे पानच! 'पानांवर तांबेरा' म्हटलं की विदर्भात कुणाला विचारावं लागणार नाही.

जुनी_पानं
शब्द झकास आहे, बोलण्यात जरूर वापरा. यादीत अडचण एकच : तांबेरा हा बुरशीचा रोग, म्हणजे कारण आपण आधीच ठरवून टाकतो. वर्णनात दिसतं तेवढंच यावं. मी 'तांबूस ठिपके' लिहीन, आणि यादीच्या पहिल्या पानावर एकदाच नोंद देईन : 'तांबूस ठिपके म्हणजे इंग्रजीतलं फॉक्सिंग, बोलीत तांबेरा.'

महालातला_यादीवाला
म्हणजे नोंद अशी :
'बांधणी मूळ, कणा सैल. चित्रपृष्ठांवर तांबूस ठिपके, मजकूर स्वच्छ. शेवटच्या आठ पानांच्या खालच्या कोपऱ्यात पाण्याचा डाग.'
ठीक? आणि डाग काढता येतील?

जुनी_पानं
ठीक. मात्र 'थोडे' किंवा 'दाट' हे शब्द जोडा. 'थोडे' म्हणजे साधारण दहा पानांत एक, असं स्वतःशी एकदा ठरवा आणि पूर्ण यादीत तेच पाळा.

डाग घरी काढू नका. लिंबू, ब्लीच, हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी ठिपका फिका पडतो, पण तंतू कमकुवत होतात. रसायन नीट धुतलं गेलं नाही तर काही काळाने तिथेच पिवळा डाग परत येतो. पुस्तक मौल्यवान असेल तर कागद-संवर्धकाकडे द्या, नाहीतर ठिपके तसेच राहू द्या. आम्ल काढण्याच्या प्रक्रियेने कागदाचं आयुष्य वाढतं, ठिपके तिने जात नाहीत.

बांधणी_खामला
थांबवायचं असेल तर ओल सांभाळा. नागपूरचा उन्हाळा कोरडा म्हणून निर्धास्त राहू नका, खरा घोळ कूलरचा आहे. बंद खोलीत कूलर चालला की हवेतला दमटपणा झपाट्याने चढते, आणि पुस्तकं त्याच झोतात असतात. कपाट कूलरच्या समोर नको, बाहेरच्या भिंतीपासून चार-पाच सेंटिमीटर तरी पुढे हवं. दमटपणा मोजायचं छोटं यंत्र कपाटातच ठेवा. आकडा ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान चांगला, ६५च्या वर टिकला की बुरशीला रान मोकळं. जुलै-सप्टेंबरात रोज पाहा.

पुस्तकं प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, ओल आत अडकते. डांबराच्या गोळ्यांनी कसर पळेल, ठिपके थांबणार नाहीत. आणि गच्चीवर उन्हात पसरायची जुनी सवय सोडा. शाई उडते, कागद वाकडा होते.

महालातला_यादीवाला
कपाट कूलरच्या अगदी समोरच आहे. आजच हलवतो.