बैकल सरोवर अडीच कोटी वर्षांत गाळाने भरलं कसं नाही?

मुलुंडची_आई
नमस्कार. मुलगा सातवीत आहे. रविवारी पवई तलावाच्या काठाने येताना त्याने मला अडवलं. "हा तलाव १८९१ मध्ये बांधला आणि एवढ्यात गाळाने उथळ झाला. मग बैकल अडीच कोटी वर्षं कसं टिकलं?" त्याच्या पुस्तकात 'जगातील सर्वांत खोल सरोवर' एवढंच आहे. नद्या येतात म्हणजे गाळ येणारच ना? "मोठा झालास की कळेल" असं उत्तर मला द्यायचं नाहीये. कुणी नीट सांगेल का?

सह्याद्रीवेडा
त्याला आधी खोली दाखवा. बैकल १६४२ मीटर खोल, आपलं कळसूबाई १६४६ मीटर उंच. समुद्रसपाटीपासूनचा अख्खा डोंगर सरळ आत ठेवला तर वर जेमतेम ४ मीटर उरतील, म्हणजे देवळाजवळचा माथाच. गाळाचं मात्र मला माहीत नाही, वाचायला थांबलोय.

पाणीखात्यातले_काका
ताई, माझी ३४ वर्षं वैतरणा ते भांडुप अशी मुंबईच्या पाण्यात गेली. गाळ हा आमचा रोजचा विषय, म्हणून सविस्तर लिहितो.

मुलाचा तर्क शंभर टक्के बरोबर आहे. तलाव मरतात ते गाळानेच. हिमनद्यांनी कोरलेली बहुतेक सरोवरं काही हजार वर्षांचीच आहेत. बैकललाही गाळ चुकलेला नाही. ३०० हून जास्त नद्या-ओढे त्यात येतात, सेलेंगा त्यातली सगळ्यात मोठी, आणि बाहेर पडते ती एकटी अंगारा. तळाशी गाळाचा थर काही ठिकाणी ७ किलोमीटर जाड आहे. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा चष्मा पुसून परत वाचला होता.

मग भरत का नाही? कारण भांड्याचा तळच खाली चालला आहे. बैकल खचदरीत आहे. तिथे भूकवच ताणलं जातंय, दोन्ही काठ वर्षाला काही मिलिमीटर एकमेकांपासून लांब सरकतात आणि मधली जमीन खचते. गाळ वरून भरतो, तळ खालून बसतो. हे नेहमीच हळूहळू होतं असंही नाही. १८६२ च्या भूकंपात सेलेंगाच्या मुखाजवळची सुमारे २०० चौरस किलोमीटर जमीन खचली आणि तिच्यावर पाणी आलं. आज तिथे उपसागर आहे.

पाण्याचा हिशेबही मुलाला करू द्या. मुंबईचे सातही तलाव काठोकाठ भरले की साधारण साडेचौदा लाख दशलक्ष लिटर साठा होतो. पावसाळ्यात पेपरात आकडा येतोच. बैकलमध्ये त्याच्या सुमारे १६,००० पट पाणी आहे. पृथ्वीवरच्या न गोठलेल्या भूपृष्ठीय गोड्या पाण्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा!

मला स्वतःला सगळ्यात जास्त भावतं ते तळचं पाणी. आपल्याकडे खोल धरणात उन्हाळ्यात तळाला प्राणवायू संपतो, पाण्याला कुबट वास येतो, म्हणून पाणी वरच्या दारातून घ्यायचं. बैकलमध्ये वारा आणि थंडी मिळून वरचं पाणी खोलवर ढकलतात. प्राणवायू पार तळापर्यंत पोचतो, आणि दीड किलोमीटर खालीही जीव जगतात.

वर्सोवा_कोळीण
काकांनी पाण्याचं सांगितलं, मी मासळीचं सांगते. तिथे गोलोम्यांका नावाची मासळी आहे. अंगाला खवले नाहीत, आरपार दिसेल अशी, चरबीने भरलेली. अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते. तिच्यावर जगतो नेर्पा, फक्त गोड्या पाण्यात राहणारा सील. समुद्र शेकडो कोस लांब असताना तो तिथे पोचला! आणि पाणी नितळ ठेवण्यात मोठा वाटा एपिशुराचा. जेमतेम दीड मिलिमीटरचा हा जीव आपल्या कोळंबीच्याच दूरच्या नात्यातला आहे, पाणी गाळून शेवाळ खातो. नाव विसरलात तरी चालेल, पण मुलाला हा जीव नक्की सांगा.

मुलुंडची_आई
काका, ताई, खूप आभार. रात्री बादलीत वाळू घालून "तळ खाली जातोय" हे करून पाहायचा प्रयत्न झाला, मोरीत चिखल झाला. आता पुढचा प्रश्न आलाय: काठ असेच लांब जात राहिले तर बैकलचा समुद्र होणार का?

पाणीखात्यातले_काका
होऊ शकतो, असं काही भूशास्त्रज्ञांना वाटतं. त्याला नकाशात तांबडा समुद्र दाखवा. तोही अशाच फाटत गेलेल्या जमिनीतून झाला आहे. दोन्ही काठांवर बोट ठेवून बघायला सांगा, एकमेकांत कसे बसतील असे दिसतात.