बाळंतपणाच्या रजेचे २६ आठवडे कुठून मोजायचे?

ए-३०४: आपल्या विंगमध्ये लवकरच तीन बाळंतपणं आहेत. एक २३ वर्षांची, दोघी पस्तिशीपुढच्या, तिघी नोकरीवाल्या. रजा तारखेच्या किती आधी सुरू करावी?

सी-१०२ (एचआर): आधी जास्तीत जास्त ८ आठवडे घेता येतात. घ्यायलाच हवेत असं नाही, पण सगळ्या तेच धरून चालतात. पहिल्या दोन बाळांना प्रत्येकी, आधीचे-नंतरचे मिळून, २६. आधी ८ संपवले की उरले १८, म्हणजे बाळ चार महिन्यांचं असतानाच ऑफिस. आणि निव्वळ आईचं दूध सहा महिने! डॉक्टरांची हरकत नसेल तर आधी २ च घ्या, मागे २४ राहतात.
२३ वर्षांच्या मुलीची नोकरी नवी असेल तर आधी हजेरी मोजा. तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं लागतं.

बी-६०१ (स्तनपान सल्लागार): रुजू व्हायच्या ३ आठवडे आधीपासून दूध काढायची सवय करा. सकाळच्या पाजण्यानंतर, ६०-९० मिलीच्या छोट्या डब्यांत, वर तारीख. फ्रिजमध्ये आतल्या बाजूला ४ दिवस टिकतं, दारात नको. बाहेर २५ अंशांपर्यंत ४ तास. आपल्याकडच्या मे महिन्यात ओट्यावर ठेवूच नका. कोमट पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून गरम करा, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. बाळाचं उष्टं २ तासांनंतर टाकून द्या.
ऑफिसात दर ३ तासांनी काढायचं. मीटिंगपायी दोनदा चुकलं की गाठी होतात, रोजच चुकलं की दूध कमी होतं.

ए-७०३: बाळ वाटी-चमच्याने घेतच नाही, मग?

बी-६०१: आई समोर असताना कशाला घेईल? भरवायला दुसरं कुणी बसू दे, आई खोलीबाहेर. बोंडलंही चालतं.

डी-२०५ काकू: लहान वयात बाळंतपण सोपं जातं हो.

ए-५०१ (स्त्रीरोगतज्ज्ञ): काकू, शरीराचं बऱ्याच अंशी खरं. पस्तिशीनंतर बीपी, शुगर, सिझेरियन जास्त. गरोदरपणी शुगर निघाली असेल तर ६ आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी हवीच. बाळाची दीड महिन्याची लस त्याच सुमारास असते. लस चुकत नाही, आईची तपासणी चुकते; दोन्ही एकाच फेरीत उरका.
मनाचं मात्र वयावर सोडू नका. पहिल्या आठवड्यात रडू येणं नेहमीचं. दोन आठवड्यांपुढे टिकलं, बाळ झोपलेलं असूनही झोप लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन: १४४१६. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर त्याच दिवशी.

ए-३०४: पस्तिशीपुढच्या दोघींच्या आया सत्तरीच्या आहेत.

सी-१०२: मग रात्रीचं जागरण आजीवर टाकू नका, एक फेरी बाबाची. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय कंपनीने करायची, दिवसातून ४ वेळा जाऊ द्यायचं. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजायला रोज दोन सुट्ट्या वेगळ्या. लेखी मागा.
आणि सोमवारी रुजू होऊ नका. गुरुवार धरा, दोन दिवसांत काय अडतंय ते कळतं, शनिवार-रविवारी नीट लावता येतं.