मदत हवी आहे: शेनिनचं माहेर बघायला बाबांना फ्रान्समधल्या लुआरला न्यायचंय

नमस्कार मंडळी,

आमची दिंडोरी तालुक्यात बाग आहे. तीन एकर शेनिन ब्लाँ, म्हणजे पांढऱ्या वाईनचं द्राक्ष, बाकी खायचं थॉमसन. शेनिन लावली त्याला वीस वर्षं होऊन गेली. २००९ च्या मंदीत ज्या वायनरीशी करार होता तिनं माल उचलला नाही, घड वेलीवरच सुकले. आजूबाजूच्या बऱ्याच जणांनी तेव्हा वाईनच्या वेली उपटल्या. बाबांनी ठेवल्या. का ठेवल्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण आजही सकाळी पहिली फेरी शेनिनमध्येच असते.

बाबा माळकरी आहेत. आयुष्यात वाईनचा थेंब घेतलेला नाही, पुढेही घेणार नाहीत. एकदा माल पोचवायला गेले असताना वायनरीतल्या एका मुलानं ग्लास पुढे केला. बाबांनी तो हातात घेतला, नाकाजवळ नेला, "पेरूसारखा वास येतोय" म्हणाले आणि अलगद परत दिला. आपल्या द्राक्षाचं पुढे काय होतं याच्याशी त्यांचा संबंध आला तो एवढाच.

मी सध्या स्टुटगार्टला आहे. सप्टेंबरमध्ये आई-बाबा येतायत. ऑक्टोबर छाटणीच्या आत त्यांना परत जायचंय, त्यामुळे फ्रान्ससाठी हातात पाचच दिवस आहेत. शेनिन मूळची लुआर नदीच्या खोऱ्यातली, एवढंच मला माहीत. इथल्या दुकानात जाऊन लुआरच्या बाटल्या बघितल्या. वूव्रे, साव्हेन्येर, सान्सेर, शिनाँ, म्युस्कादे अशी नावं, पण शेनिन हा शब्द एकाही बाटलीवर नाही! सान्सेरचं नाव खूप ऐकलंय म्हणून तिथलं हॉटेल बघून ठेवलंय. बरोबर केलं का?

आणि मुख्य प्रश्न. न पिणाऱ्या माणसाला तिथे बघण्यासारखं काय आहे? त्यांना चव घ्यायची नाही, पण समजून घ्यायचंय. मला तेही कसं समजावायचं हेच कळत नाहीये.

प्रतिसाद १

ताई, सान्सेरचं बुकिंग आधी रद्द करा. गाव देखणं आहे, पण तिथे शेनिन नाही. सान्सेर आणि नदीपलीकडचं प्वीयी-फ्यूमे ही दोन्ही नावं सोव्हिन्याँ ब्लाँ या दुसऱ्या पांढऱ्या द्राक्षाची. शिवाय तुम्हाला हवा तो भाग तिथून दोन-तीन तास पश्चिमेला आहे.

बाटलीवर द्राक्षाचं नाव का नाही, ते आधी सांगतो. आपण नुसतं "देवगड" म्हटलं की समोरच्याला हापूस कळतो, तसंच हे. फ्रान्समध्ये ठरावीक शिवाराला अपेलासिऑन म्हणतात. त्या शिवारात कोणती जात लावायची, एकरी किती माल घ्यायचा, वाईन कशी करायची, सगळं कायद्यानं बांधलेलं असतं. ही व्यवस्था बघणारी संस्था १९३५ साली उभी राहिली आणि वूव्रेला १९३६ मध्येच मान्यता मिळाली. वूव्रेची पांढरी वाईन म्हणजे शेनिनच, हे तिथे गृहीत असतं.

लुआर ही फ्रान्समधली सगळ्यात लांब नदी, साधारण हजार किलोमीटर. समुद्राकडून वर येत गेलात तर पहिलं मोठं शहर नाँत. तिथली म्युस्कादे. नाव मस्कतसारखं असलं तरी त्या द्राक्षाशी तिचा संबंध नाही, ती मेलाँ द बुर्गोन्य नावाच्या जातीची. १७०९ च्या हिवाळ्यात तिथल्या बागा गोठून गेल्या आणि नंतर थंडी सोसणारी म्हणून मेलाँ सगळीकडे पसरली. अगदी वरच्या टोकाला सान्सेर. या दोन टोकांच्या मधला आँजू, सोम्यूर आणि तुरेन हा पट्टा तुमच्या शेनिनचा. या पट्ट्यातही शिनाँ आणि बुर्गोय ही गावं लाल वाईनची, कॅबर्ने फ्राँची आहेत. शिनाँ हे गावाचं नाव आहे, शेनिनशी गल्लत करू नका. माझी झाली होती.

पाच दिवसांत दोनच मुक्काम करा, तूर आणि आँजे. तूरपासून वूव्रे दहा किलोमीटरवर, समोरच्या तीरावर मोंलुई. दोन्हीकडे शेनिन, मात्र वूव्रे एकाच द्राक्षाच्या किती तऱ्हा करतं ते बघण्यासारखं आहे. साल थंड गेलं, साखर भरली नाही, तर आंबट रसाची बुडबुडेवाली करतात. बरं साल असेल तर कोरडी, म्हणजे सेक. ऊन चांगलं पडलं तर थोडी गोडी राखलेली डेमी-सेक. आणि शरद ऋतू लांबला, मणी वेलीवरच सुकत गेले, तर म्वालो, म्हणजे गोड. या वाईनचा आंबटपणा इतका जबर असतो की गोड बाटल्या पन्नास-पन्नास वर्षं टिकतात. १९४७ सालच्या वूव्रेचं नाव अजून घेतात.

तुम्ही स्वतः चाखणार असाल तर एक लक्षात ठेवा. डेमी-सेक हा शब्द साध्या वाईनवर असला तर थोडीच गोडी असते. तोच शब्द बुडबुडेवाल्या बाटलीवर असेल तर लिटरला ३२ ते ५० ग्रॅम साखर. गोड नको असेल तर बुडबुडेवालीत ब्रूत मागा. साध्या वाईनच्या लेबलवर पुष्कळदा काहीच लिहिलेलं नसतं, विचारूनच घ्यावं लागतं.

प्रतिसाद २

मी विद्यार्थी असताना एका हंगामात आँजेच्या दक्षिणेला लेयाँ नदीकाठी तोडणीला गेले होते. तुमचा धागा वाचून राहवेना म्हणून लॉगिन केलं.

बाबा पीत नाहीत याची अजिबात काळजी करू नका. त्यांना जे कळेल ते पिणाऱ्या पर्यटकाला कळत नाही. त्यांना लेयाँच्या उतारावर न्या. कोतो द्यु लेयाँ हे मोठं शिवार, आणि त्याच्या पोटात बोनझो आणि कार द शोम ही दोन छोटी. सगळी गोड वाईन, सगळी शेनिन. पहाटे नदीवरून धुकं चढतं, दुपारी ऊन आणि वारा. त्या ओल्या-कोरड्या खेळात मण्यावर बोट्रायटिस ही बुरशी धरते. बाबा जिच्यासाठी फवारणी काढतात, तीच. तिथे तिची वाट बघतात! बुरशी सालीला बारीक छिद्रं पाडते, पाणी उडून जातं, साखर आणि आंबटपणा घट्ट होतो. मणी आधी गुलाबी-जांभळा होतो, मग आक्रसून राखाडी दिसतो. मी पहिल्या दिवशी असा एक घड सडका समजून खाली टाकला, तर मालकीणबाईंनी तो उचलून माझ्या तोंडात दोन मणी घातले. मधात लिंबू पिळावं तसं लागलं.

तोडणी एका दमात होत नाही. आज या घडातले पाच मणी, आठ दिवसांनी आणखी दहा. त्याच ओळीतून तीन-चार वेळा जायचं. पाऊस नसेल तर बुरशी धरत नाही, नुसते सुकलेले मणी मिळतात, तासगावकडचा बेदाणा अर्ध्यावर थांबवावा तसे. सप्टेंबरच्या शेवटी बुरशीची नुसती सुरुवात असेल, पूर्ण रंग ऑक्टोबरमध्ये. पण बाबांना सुरुवातसुद्धा पुरेल.

कार द शोम या नावात कार म्हणजे चौथाई. कुळांनी पिकाचा चौथा हिस्सा मालकाला द्यायचा, आणि मालक तो सगळ्यात चांगल्या उतारावरचा उचलायचा. मराठी माणसाला चौथाई वेगळी समजवायला नको. २०११ पासून त्याला ग्राँ क्र्यू हा सर्वोच्च दर्जा आहे, अख्ख्या लुआरमध्ये तो एकट्याला. उत्पन्नाची मर्यादा हेक्टरी २,००० लिटर. म्हणजे एकरी साधारण आठशे. हा आकडा बाबांना नक्की सांगा आणि त्यांचा चेहरा बघा.

साव्हेन्येर नदीच्या उत्तर तीरावर. तिथली शेनिन कोरडी, जरा कडक, लवकर न खुलणारी. त्यातच कुले द सेराँ हा सात हेक्टरचा मळा, ११३० साली साधूंनी लावलेला, आणि त्या एकट्या मळ्याला स्वतःचं वेगळं अपेलासिऑन आहे. गावाला छोटं स्टेशन आहे, आँजेहून मोजक्या गाड्या थांबतात.

आणि आँजेचा किल्ला चुकवू नका. सतरा बुरूज, काळ्या पाटीच्या दगडाचे, मधे पांढऱ्या दगडाचे पट्टे. आँजूची जमीन अशीच दोन रंगांची आहे. पश्चिमेला काळी, पाटीच्या दगडाची. पूर्वेला सोम्यूर-वूव्रेकडे पांढरी, त्युफो नावाच्या मऊ चुनखडीची. तो बुरूज दाखवून तुम्ही बाबांना अख्खा प्रदेश पाच मिनिटांत समजावू शकाल.

धागाकर्ती

तुम्हा दोघांचे किती आभार मानू! सान्सेर रद्द केलं. काल फोनवर बाबांना बुरशीचं सांगितलं तर बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे ती रोग नाही, तिथल्या हवेत ती पीक आहे." आता रोज फोनवर नवा प्रश्न. तिथे ठिबक आहे का? छाटणी कितीदा? खुंट कुठला? आणि एक काडी आणता येईल का?

अजून एक. तूर, आँजेपर्यंत ट्रेन आहे, पण लेयाँला गाडी लागेल असं दिसतंय. गाडी मीच चालवणार.

प्रतिसाद ३

निफाडहून लिहितोय. आमचीही शेनिन आहे, थोडी. तीन वर्षांपूर्वी अभ्यासदौऱ्यात तिकडे जाऊन आलो, म्हणून काकांच्या प्रश्नांची उत्तरं देतो.

ठिबकची नळी तुम्हाला बहुतेक कुठेच दिसणार नाही. मुळं दगडाच्या भेगांत खोल जातात, पाऊस पडेल तो पडेल. छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात, कारण तिथे वेल खरंच झोपते. आपल्याकडे ती झोपत नाही म्हणून आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि मग ऑक्टोबर अशी दोनदा करतो. हे वाचून माहीत होतं, पण तिथे उभं राहिल्यावर वेगळं वाटलं. खुंटावर कलम मात्र तिथेही केलेलं असतं. आपला डॉगरीज खुंट दिसला नाही, त्यांच्या चुनखडीला चालणारे वेगळे. वेली बुटक्या, घड गुडघ्याच्या वर. तोडणाऱ्याची कंबर जाते. काकांना आपला मांडव आठवेल.

त्यांना थंडीबद्दल विचारायला सांगा. शेनिनचा डोळा लवकर फुटतो आणि एप्रिलमध्ये दहिवर पडलं की कोंब जळतो. २०१६, २०१७, २०२१, तिन्ही साली लुआरमध्ये मोठं नुकसान झालं. रात्री ओळींमध्ये मोठ्या मेणबत्त्या पेटवतात. आमच्याकडे निफाडला पारा उतरला की आम्ही बागेत शेकोट्या करतो, अगदी तेच. आणि गारा! १७ जून २०१३ ला वूव्रेत गारपीट झाली, मोठा भाग झोडपला गेला. त्यानंतर आठ-नऊ महिन्यांत आपल्याकडे २०१४ ची गारपीट. मी हे तिथल्या एका म्हाताऱ्या बागाईतदाराला सांगितलं. भाषा येत नव्हती, मोबाईलवर फोटो दाखवला. त्यानं माझा हात धरला आणि सोडलाच नाही.

वूव्रेला त्युफोच्या कड्यात खोदलेली तळघरं नक्की दाखवा. किल्ले बांधायला दगड काढला, मागे बोगदे उरले, त्यात वाईन ठेवतात. उन्हाळा-हिवाळा बारा अंशांच्या आसपास. सोम्यूरकडे अशाच गुहांत अळिंबी पिकवतात, ती काकांना चालेल. जेवणात बकरीच्या दुधाचं चीज सगळीकडे पुढे येईल, तूरजवळच्या सँत-मोरच्या मधून गवताची काडी गेलेली असते. पण पारंपरिक चीजमध्ये दूध साकळवायला घालतात ते रेनेट बहुधा जनावराच्या पोटातलं असतं, माळकरी माणसाला आधी सांगून ठेवा.

काडी आणू नका ताई. एकसुद्धा नाही, मातीही नाही. परवाना आणि तिथल्या सरकारचा रोगमुक्तीचा दाखला असल्याशिवाय वेलीची काडी देशात आणता येत नाही, आणि ते योग्यच आहे. एका काडीवरून काय काय येऊ शकतं हे काकांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत.

गाडीचं म्हणाल तर रक्तात लिटरला अर्धा ग्रॅम ही तिथली मर्यादा. चाखून थुंकायचं, त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

धागाकर्ती

दादा, हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. गारांचं ऐकून आई डोळे पुसत होती.

आता ठरलंय ते असं: स्टुटगार्टहून पॅरिस, तिथून तूर. दोन रात्री तूर, दोन आँजे, एक दिवस लेयाँ. बाबांची एकच इच्छा आहे. दुकान नको, चाखायची खोली नको. बागेत आत जायला मिळावं, पान उलटून बघावं, एक मणी तोंडात टाकावा. मला फ्रेंच येत नाही. सुगीच्या घाईत असलेल्या अनोळखी शेतकऱ्याला हे कसं विचारायचं?

प्रतिसाद २

भेट आधी मेल करून ठरवा, न सांगता जाऊ नका. तोडणीच्या दिवसांत त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो, दुपारी बारा ते दोन तर मुळीच नको. मेल मी लिहून देते, व्यक्तिगत निरोपात बाबांचं नाव आणि तारखा पाठवा.

पण बागेच्या फाटकाशी पोचल्यावर पहिलं वाक्य बाबांनीच बोलावं असं मला वाटतं. पाठ करून घ्या, अवघड नाही. शेवटचे दोन शब्द जोडून म्हणायचे. "ज क्युल्तिव द्यु शनँ आँ-नँद." मी भारतात शेनिन पिकवतो.