चार माणसांची तीन महिन्यांची बेगमी: किती भरायचं आणि कीड कशी टाळायची?

कोठीवाली
घरात चार मोठी माणसं. अडीअडचणीला तीन महिने बाहेरून काही आणावं लागू नये एवढा शिधा भरायचा आहे. माणशी किती धरायचं? दुसरं, धान्य निवडून-पाखडून घट्ट झाकणाच्या डब्यात भरलं तरी महिना-दीड महिन्यात त्यात सोंडे फिरताना दिसतात, ते येतात कुठून? आणि ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या सगळ्यातच टाकायच्या का? फ्रीझरमध्ये एका वेळी सहा-सात किलो मावेल.

मापटं
माणशी रोज २१०० कॅलरी धरा. तांदूळ-गहू ४०० ग्रॅम, डाळी-कडधान्यं १००, तेल ३५, साखर २० आणि मीठ ५ ग्रॅम, एवढ्यात त्या भरतात. चार माणसं, ९० दिवस: धान्य १४४ किलो, डाळी-कडधान्यं ३६ किलो, तेल साडेबारा किलो, साखर सव्वासात किलो, मीठ दोन किलो. अंगमेहनत करणारं कुणी असेल तर धान्य वाढवा. २० लिटरच्या बादलीत १५-१६ किलो बसतं, म्हणजे धान्य-कडधान्य मिळून बारा बादल्यांची जागा लागेल.

डाळी सगळ्या भरडलेल्या घेऊ नका. ताजी भाजी-फळं बंद झाली की क जीवनसत्त्व कुठूनच मिळत नाही, आणि एक ते तीन महिन्यांत स्कर्व्हीची लक्षणं दिसू शकतात. अख्ख्या मुगाला, मसुराला मोड आणले की ते तयार होतं. भरडलेल्या डाळीला मोड येत नाहीत.

पिण्या-स्वयंपाकाचं पाणी माणशी रोज ३-४ लिटर वेगळं धरा. इंधनही मोजा, हे हटकून राहतं. जुनं कडधान्य शिजायला फार वेळ घेतं. रात्रभर भिजवून शिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर लवकर मऊ होतं.

दाणापारखी
सोंडे बाहेरून येत नाहीत, दाण्यातूनच निघतात. मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. वरून दाणा अगदी धड दिसतो, त्यामुळे कितीही निवडलं तरी तो हाती लागत नाही. उबदार हवेत अंड्याचा सोंडा व्हायला साधारण महिना लागतो, तुमचा महिना-दीड महिना तिथून आला.

दोन-दोन किलोच्या पिशव्या करून उणे १८ अंशाला आठवडाभर ठेवा. चार दिवस पुरतात, पण पिशवीच्या मध्यापर्यंत गारवा पोचायला वेळ लागतो. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. थंडगार दाण्यावर हवेतलं पाणी धरतं आणि तीच ओल पुढे बुरशी आणते. दिवसभर बंदच राहू द्या, मग भरा.

धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, घरात अजिबात आणू नका. त्यांतून निघणाऱ्या वायूने झोपेत माणसं दगावतात.

कोठीवाली
धान्य वाळलंय की नाही हे यंत्राशिवाय कसं ओळखायचं? दोन दिवस कडक ऊन दाखवून थेट बादलीत भरलं तर चालेल ना?

दाणापारखी
उन्हातून थेट नको. तापलेलं धान्य भरलं की रात्री बादली निवते आणि झाकणाच्या आतून पाणी सुटतं. वरचा थर आधी कुबट वास मारू लागतो. सावलीत पूर्ण निवू द्या, त्याच संध्याकाळी भरा.

कोरड्या काचेच्या बरणीत दोन मुठी धान्य आणि दोन चमचे कोरडं मीठ घालून दोन मिनिटं हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे, परत वाळवा. चिकटलं नाही म्हणजे सगळं झालं असं मात्र नाही. पुड्या टाकून हवाबंद करायचं असेल तर ओल १० टक्क्यांपर्यंत उतरलेली हवी. ओलसर धान्यातली हवा काढून घेतली तर बोट्युलिझमचं, म्हणजे हवेविना वाढणाऱ्या जंतूंचं जीवघेणं विष तयार व्हायचा धोका असतो. अशा वेळी ओलमापक यंत्र वापरणंच बरं.

झाकणबंद
पुड्यांचं माप: २० लिटरच्या बादलीत धान्य भरल्यावर दाण्यांमध्ये साधारण आठ लिटर हवा उरते, तिचा पाचवा हिस्सा ऑक्सिजन, म्हणजे १६०० सीसी. म्हणून बादलीला २००० सीसीची पुडी. बादलीच्या प्लॅस्टिकमधून हवा हळूहळू आत झिरपते, तेव्हा आत जाड मायलरची, म्हणजे हवा न झिरपू देणाऱ्या चंदेरी प्लॅस्टिकची पिशवी हवीच. पुड्यांचं पाकीट फोडल्यापासून १५-२० मिनिटांत सगळ्या पिशव्या सील करा, उरलेल्या पुड्या लगेच लहान बरणीत घट्ट बंद करा. पिशवी आक्रसली नाही तरी घाबरू नका, आत नायट्रोजन राहतोच.

साखरेत पुडी नको, दगड होतो. मिठालाही गरज नाही. हातसडीचा तांदूळ आणि कणीक यांत तेल असतं, ती काही महिन्यांत खवट होतात. म्हणून पांढरा तांदूळ आणि अख्खे गहू भरा, दळायची सोय मात्र हाताशी हवी.

बादल्या थेट जमिनीवर नकोत. खाली फळ्या घाला, भिंतीपासून वीतभर जागा सोडा, म्हणजे उंदराने कुरतडलेलं लगेच दिसेल. तारीख झाकणावर लिहू नका, झाकणं बदलतात. बादलीच्या अंगावर लिहा.