गळलेल्या ठोक्याच्या आधीचे आणि नंतरचे अंतर

दुसऱ्या श्रेणीच्या हार्ट ब्लॉकमध्ये हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे जाणारे काही विद्युत संदेश अडतात आणि ठोके गळतात. त्याचे दोन प्रकार ईसीजीवर (हृदयाच्या विद्युत आलेखावर) कसे ओळखावेत, या प्रश्नाला नेहमी मिळणाऱ्या उत्तरात एक भर घालतो. पीआर अंतर, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या पी लहरीपासून खालच्या कप्प्यांच्या क्यूआरएस लहरीपर्यंतचा वेळ, वाढत जाऊन ठोका गळला तर वेंकेबाख हा प्रकार आणि अंतर कायम राहून अचानक गळला तर मोबिट्झ दोन हा प्रकार, हे खरे. परंतु लांब चक्रांत, म्हणजे बऱ्याच ठोक्यांनंतर एक गळतो तेव्हा, ही वाढ ठोक्यागणिक इतकी अल्प असते की ती डोळ्यांना जाणवतच नाही. म्हणून गळलेल्या ठोक्याच्या लगेच आधीचे आणि लगेच नंतरचे पीआर अंतर मोजावे. नंतरचे आखूड निघाले, तर तो वेंकेबाख.

कोल्हापुरात आमच्याकडे करवीर तालुक्यातील एक वयस्क शेतकरी उसाच्या फडात भोवळ आली म्हणून आले. हृदयाची गती मिनिटाला ३८ होती आणि यंत्राने ‘सायनस ब्रॅडिकार्डिया’ (लय नेहमीची, फक्त मंद) असे छापले होते. मला मात्र टी लहरीवरचा (क्यूआरएसनंतर येणाऱ्या लहरीवरचा) बारीक उंचवटा खटकला. कोऱ्या कागदाची कड ईसीजीच्या पट्टीला लावून लागोपाठच्या दोन पी लहरींवर पेन्सिलीने खुणा केल्या, बरोबर मध्यावर तिसरी खूण केली आणि कागद पुढे सरकवत नेला, तेव्हा प्रत्येक टी लहरीत एक पी लहर दडलेली सापडली. हा दोनास एक ब्लॉक होता. यात दर दोन पी लहरींपैकी एकच खाली पोचते, म्हणून पीआर अंतर वाढते की कायम राहते हे ताडून पाहायला सलग दोन ठोके मिळत नाहीत; त्यामुळे प्रकार ठरवण्याची घाई न करता लांब पट्टी काढावी. क्यूआरएस १२० मिलिसेकंद, म्हणजे तीन लहान चौकोन किंवा त्याहून रुंद असेल, तर दोष बहुधा हिसच्या जुडग्याखाली (संदेश खालच्या कप्प्यांकडे नेणाऱ्या तंतूंच्या जुडग्याखाली) असतो, आणि अशा रुग्णाला ‘उद्या या’ म्हणून कृपया घरी पाठवू नये.